आढ्याचे पाणी वळचणीला

कौलारू घरात वाढलेल्या पिढीला शाकारणी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वैशाखात, वळवाचे ढग जमू लागण्यापूर्वी, सगळी कौले उतरवली जात. फुटकी बाजूला काढायची, रिपा आणि वासे ठोकून पाहायचे, वाळवी लागलेले लाकूड बदलायचे आणि मग वळचणीपासून सुरुवात करून ओळीवर ओळ चढवत आढ्यापर्यंत जायचे, असा क्रम असे. या साऱ्या खटाटोपात नियम एकच असे. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर आली पाहिजे. एवढे सांभाळले की पाणी आपल्या गुणाने उताराला लागते आणि आढ्याचे पाणी निमूटपणे वळचणीला येते. हा क्रम एका जागी जरी उलटला, तरी वरून कितीही माती लिंपली तरी घर गळतेच.

परदेशी घरांची छपरे दिसायला निराळी असली तरी त्यांचाही नियम हाच आहे. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या उतरत्या छपरांवर कौलांऐवजी शिंगल असतात. शिंगल म्हणजे डांबर पाजलेल्या जाड पट्ट्या, ज्यांच्या वरच्या अंगाला बारीक खडीचे दाणे बसवलेले असतात. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील हेन्री रेनॉल्ड्स यांनी १९०३ मध्ये डांबरी छताचे लांब गुंडाळे कापून अशा पट्ट्या केल्या, आणि पुढे त्याच देशभर पसरल्या. वाशांवर प्लायवुडचे तक्ते, तक्त्यांवर डांबरी कागद आणि कागदावर शिंगलांच्या ओळी, अशी त्या छपराची रचना असते. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढलेली असते. खिळे खालच्या ओळीत ठोकायचे आणि वरच्या ओळीने ते झाकायचे. १०० चौरस फूट छपराला तिकडचे कारागीर ‘एक स्क्वेअर’ म्हणतात आणि हिशेब त्या मापाने होतो.

असे छप्पर सपाट भागावर सहसा गळत नाही. ते गळते भोकांपाशी, आणि ही भोके मुद्दाम ठेवलेली असतात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या सांडपाण्याच्या नळांना वर हवा मिळावी, दुर्गंधी घरात न येता आकाशात जावी, यासाठी एक जाड नळी छपरातून वर काढलेली असते. तिला व्हेंट पाइप म्हणतात. माळ्यावरची कोंदट हवा बाहेर पडावी म्हणून आढ्याजवळ चौकोनी पेट्या बसवतात किंवा आढ्यालाच लांब फट ठेवून तिच्यावर जाळीचे झाकण घालतात. घराने श्वास घ्यावा म्हणून ठेवलेल्या या वाटा आहेत. श्वासाची वाट पाण्याचीही वाट होऊ नये, हीच तेथील कारागिरीची कसोटी.

सांगलीत हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबाला हा सारा विषय काही वर्षांपूर्वी शिकावा लागला. थोरला मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. तेथे त्याचे दोन मजली लाकडी घर आहे आणि छप्पर त्या वेळी १४ वर्षांचे होते. धाकटा मुलगा पेढी सांभाळतो. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णेचे पाणी गुदामात शिरले, तेव्हापासून गुदामाचे जोते उंच करण्याचे घाटत होते. थोरल्याने आपल्या वाट्याची रक्कम बँकेत बाजूला ठेवली होती. अशात एका ऑक्टोबरमध्ये त्यांचे वडील, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, आणि आई सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेले.

वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीच्या छताला चहा सांडल्यासारखा एक पिवळट डाग होता. उन्हाळ्याच्या शेवटी झालेल्या पावसात तो उमटला होता. मुलाने एक कारागीर बोलावला. त्याने छपरावर चढून नळीभोवती काळा डांबरी लगदा चोहोबाजूंनी थापला, शंभर डॉलर घेतले आणि तो गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा पाऊस लागला आणि डागाची कड हाताच्या रुंदीइतकी पुढे सरकली. मग दुसरा ठेकेदार आला. तो पंधरा मिनिटे छपरावर हिंडला, दक्षिणेकडच्या पाख्यावरचे खडीचे दाणे काही ठिकाणी झडल्याचे फोटो त्याने दाखवले आणि २४ स्क्वेअरचे सबंध छप्पर बदलण्याचा १८,००० डॉलरचा अंदाज लिहून दिला. हिवाळ्यापूर्वी काम झाले नाही तर प्लायवुड कुजेल, असेही त्याने बजावले.

१८,००० डॉलर म्हणजे जवळजवळ गुदामासाठी ठेवलेली सगळी रक्कम. मुलाने ती गोष्ट जेवताना सांगितली आणि तो वडिलांकडे पाहू लागला. अण्णा काही बोलले नाहीत. त्या रात्रीही नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत.

त्यांच्या मौनाचे कारण आईंना ठाऊक होते. अण्णांच्या मनाला तो अंदाज पटलेला नव्हता. चाळीस वर्षे हळदीच्या व्यापारात काढलेल्या माणसाचे ओलीशी जुने वैर असते. हरिपूरच्या पेवांमध्ये २००५ च्या पुराचे पाणी शिरले तेव्हाचे नुकसान त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. भिजलेले पोते जिथे सापडते तिथूनच पाणी आले असे नसते, हे त्यांना पक्के माहीत होते. पण ‘छप्पर बदलू नको’ असा सल्ला त्यांनी दिला असता तर वाचलेला पैसा सांगलीच्या गुदामाला गेला असता. ज्या सल्ल्यात आपला लाभ आहे तो सल्ला द्यावा कसा?

“नको म्हटले तर गुदामासाठी म्हणतात असे वाटेल,” ते आईंना म्हणाले. “आणि हो म्हटले तर ते माझ्याच मनाला पटणार नाही.”

“मग तुम्ही काही म्हणूच नका,” आई म्हणाल्या. “पेढीवर तूट आली की तुम्ही काय करता? माणसाला विचारत नाही, वही उघडता. इथेही वही उघडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी सुनेला एक कोरी वही मागितली. “सूनबाई, मला इथले हवामान समजत नाही, इंग्रजी अक्षरही नीट लागत नाही. तेव्हा लिहायचे तुम्ही. मी फक्त रकाने सांगतो.” रकाने पाच ठरले. तारीख, पाऊस किती, वारा कुठून, बाहेरचे तापमान आणि डाग ओला की कोरडा. शिवाय डाग वाढला की त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख लिहायची. निर्णय तीन महिने लांबवायचा, तोवर कारण शोधायचे आणि वही जे सांगेल ते सर्वांनी मान्य करायचे, असे ठरले. माणसाचा स्वार्थ असतो आणि भीतीही असते. वहीला यांतले काही नसते.

पहिला शोध माळ्यावर झाला. अशा घरांच्या माळ्यावर जाताना एक सावधगिरी पाळावी लागते. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवायचे. मधल्या जागेत खाली केवळ पातळ प्लास्टरचा तक्ता असतो आणि त्यावर पाय पडला तर माणूस थेट खालच्या खोलीत येतो. म्हणून अण्णा शिडीच्या वरच्या पायरीवरच थांबले आणि मुलगा विजेरी घेऊन आत सरकला. डागाच्या बरोबर वर काहीच नव्हते. तक्ते कोरडे, खिळे स्वच्छ. अण्णा म्हणाले, “खाली बघू नकोस. ओलीची रेघ धर आणि तिच्या मागे आढ्याकडे जा.”

रेघ सापडली. एका वाशाच्या बाजूने तपकिरी ओघळ उतरला होता आणि त्याच्या वाटेतले खिळे गंजलेले होते. ओघळ सात फूट वर जाऊन व्हेंट पाइपपाशी संपला. विजेरी विझवल्यावर काळोखात त्या नळीच्या कडेने चंद्रकोरीसारखी उजेडाची बारीक फट दिसली. पाणी तिथून शिरत होते, वाशाला धरून उतरत होते आणि जिथे प्लास्टरचे दोन तक्ते जुळतात त्या सखल सांध्यात जमत होते. छतावर डाग उमटला होता तो पाणी थांबले त्या जागी. ते आत आले होते सात फूट दूर.

नळी जिथे छपरातून बाहेर पडते तिथे धातूचा किंवा प्लास्टिकचा एक पत्रा बसवलेला असतो आणि त्याच्या मध्ये नळीला घट्ट बसणारी रबरी गळपट्टी असते. या सगळ्या वस्तूला तिकडचे कारागीर ‘बूट’ म्हणतात. शिंगल वीस-पंचवीस वर्षे टिकतात, पण उन्हातान्हात आणि बर्फात हे रबर पुष्कळदा दहा-बारा वर्षांतच कडक होऊन चिरते. म्हणजे एकाच छपरात दोन निरनिराळ्या आयुष्यांच्या वस्तू शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, आणि कमी आयुष्याची वस्तू आधी संपली म्हणून सबंध छप्पर गेले असा समज होतो. डांबरी लगद्याने ती चीर काही दिवस झाकली जाते. थंडीत लगदा आखडतो आणि उन्हात फुगतो, त्यामुळे काही काळाने तोही तडकतो. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या कारागिराने पत्र्याची उताराकडची कडही लिंपून टाकली होती. आत शिरलेल्या थोड्याबहुत पाण्याला बाहेर पडायची जी वाट होती, तीच त्याने बंद केली होती.

तर्क झाला, पण पुरावा हवा होता. नोव्हेंबरातल्या एका उबदार दिवशी तिसरा कारागीर बोलावला. हा एकटा काम करणारा, मितभाषी माणूस होता. पाण्याच्या नळीने तपासणी करण्याची रीत त्याला ठाऊक होती. ती रीत अशी. एकाने छपरावर पाणी सोडायचे, दुसऱ्याने माळ्यावर विजेरी घेऊन बसायचे. सुरुवात नेहमी खालून करायची आणि प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहते आणि कुठून शिरले ते कळत नाही. त्याने आधी नळीच्या खालच्या शिंगलांवर दहा मिनिटे पाणी सोडले. आत कोरडे. मग दोन्ही बाजूंना. कोरडे. मग रबरी गळपट्टीवर. तिसऱ्या मिनिटाला आतून मुलाचा आवाज आला, “थेंब आला!” गळपट्टी झाकून त्याने पाच फूट वरच्या हवेच्या पेटीवरही पाणी सोडून पाहिले. तिथून एक थेंबही आला नाही.

थंडीत शिंगल ठिसूळ होतात आणि उचलायला गेले की मोडतात. म्हणून कायमची दुरुस्ती वसंतात करायची असे ठरले. तोवर त्याने जुन्या गळपट्टीवर बाहेरून घट्ट बसणारी एक नवी सिलिकोनची पट्टी नळीवरून खाली सरकवली. वहीत पुढच्या पाच पावसांसमोर एकच शब्द लिहिला गेला, ‘कोरडा’.

अण्णांना हायसे वाटले, तरी ते बोलले नाहीत. निर्णयाला अजून अवधी होता. डिसेंबरअखेरीस कडाक्याची थंडी पडली. दिवसरात्र पारा शून्याच्या खूप खाली होता, आकाश मात्र निरभ्र. तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन जरा तापले आणि छतावरचा तोच डाग पुन्हा ओला झाला.

मुलगा हताश झाला. “अण्णा, तो ठेकेदार बरोबर होता. ही ठिगळे लावण्यात अर्थ नाही. छप्परच बदलू.”

“सूनबाई,” अण्णा म्हणाले, “वही वाचा.”

सुनेने वाचले. सहा दिवस पाऊस नाही. बर्फही नाही. वारा वायव्येचा. ती वाचता वाचता थांबली. “पाऊसच पडलेला नाही, तर छपरातून गळणार काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती स्वतः माळ्याच्या शिडीवर चढली. विजेरीच्या उजेडात तिला जे दिसले ते पाहून तिने सगळ्यांना हाक मारली. तक्त्यांतून आत आलेल्या शेकडो खिळ्यांच्या टोकांवर पांढरे दहिवर गोठले होते. जणू कोणी प्रत्येक खिळ्यावर साखर पेरली होती. न्हाणीघराची वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्याची लवचीक नळी माळ्यावरच मोकळी पडली होती. घर बांधणाऱ्याने ती छपराबाहेर काढण्याऐवजी हवेच्या पेटीखाली नुसती टेकवून ठेवली होती आणि पुढे कधीतरी ती घसरली होती. चौदा वर्षे त्या घराची वाफ माळ्यावर जात होती. दोघांच्या घरात ते खपून गेले. आता चार माणसांची गरम पाण्याची आंघोळ, दोन्ही वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक आणि बाहेर हाडे गोठवणारी थंडी. वाफ थंड तक्त्यांना आणि खिळ्यांना लागून गोठत होती आणि ऊन आले की वितळून त्याच सखल सांध्यात जमत होती. पावसाचे पाणी आणि घरातले पाणी, दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच डागात मिळत होते.

अण्णांना हे समजावून सांगावे लागले नाही. गार फरशीवर पोती थेट रचली तर वरून थेंब न पडताही खालचा थर दमट होतो, म्हणून गुदामात पोत्यांखाली लाकडी फळ्या घालतात. ते हसून म्हणाले, “म्हणजे यात माझ्या आंघोळीचाही वाटा आहे. लिहा वहीत, अण्णांच्या नावे दोन बादल्या.”

हसण्यावारी गेलेल्या या वाक्यातली बाब मात्र गंभीर होती. त्या ऑक्टोबरात १८,००० डॉलर खर्चून नवे छप्पर घातले असते, तर नळीचा बूट नवा झाला असता आणि पावसाची गळती थांबली असती. पण डिसेंबरात डाग पुन्हा ओला झाला असता. पैसाही गेला असता आणि ओलही राहिली असती. मग नव्या छपराच्या कारागिराशी भांडण, आणि गुदामाचे जोते जिथल्या तिथे.

अशा घरांत ओल मुख्यतः चार वाटांनी येते आणि प्रत्येकीची वेळ वेगळी असते. कोणत्याही पावसात डाग ओला होत असेल तर नळीचा बूट, पेटीचे उघडे खिळे किंवा फाटलेले शिंगल पाहावेत. फक्त एका दिशेच्या वाऱ्याबरोबर आलेल्या पावसातच होत असेल तर आढ्यावरच्या झाकणाखालून किंवा पेटीच्या जाळीतून पाणी आत फेकले जात आहे असे समजावे. बर्फ साचून वितळू लागल्यावर होत असेल तर वळचणीला बर्फाचा बांध झालेला असतो. घरातल्या उबेने वरचे बर्फ वितळते, थंड वळचणीला येऊन पुन्हा गोठते आणि मागे तुंबलेले पाणी शिंगलांच्या खालून वर चढते. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो, पण बर्फाच्या मुलखात ते तेवढ्यापुरते जाते. म्हणून तेथे वळचणीपासून भिंतीच्या आतल्या बाजूला किमान २४ इंचांपर्यंत तक्त्यांना चिकटणारा जलरोधक थर घालतात. आणि कोरड्या, कडक थंडीनंतर डाग ओला होत असेल तर पाणी घरातलेच आहे. या चारांपैकी कोणती वाट, हे छपरावर चढून पंधरा मिनिटांत कळत नाही. ते तारखांवरून कळते.

एप्रिलच्या सुरुवातीला तोच मितभाषी कारागीर परत आला. सकाळच्या गारव्यात, शिंगल मऊही नाहीत आणि ठिसूळही नाहीत अशा वेळी, त्याने काम धरले. नळीच्या वरचे आणि बाजूचे शिंगल चपट्या पहारीने हलकेच सोडवले, खिळे उपटले, जुना बूट काढला. खालचे प्लायवुड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिले. ते टणक होते. ठेकेदाराने सांगितलेली कुज कुठेच नव्हती. मग नवा बूट बसवला. त्याच्या पत्र्याची वरची कड आणि दोन्ही बाजू शिंगलांच्या खाली, आणि उताराकडची कड खालच्या ओळीच्या वर. उघड्या राहिलेल्या दोन खिळ्यांच्या डोक्यांवर तेवढे सीलंटचे ठिपके दिले. उताराकडची कड मोकळी ठेवली. त्यानंतर पंख्याची नळी उबदार वेष्टनाची घालून छपराबाहेर काढली आणि बाहेर झडपेचे झाकण बसवले. न्हाणीघराची हवा माळ्यावर न सोडता बाहेरच सोडली पाहिजे, असा तेथील बांधकामाचा नियमच आहे. छताच्या तक्त्यातून नळ्या वर जातात तिथल्या फटीही फेसाने बुजवल्या.

अण्णा अंगणात खुर्ची टाकून हे पाहत होते. वर जाण्याची परवानगी त्यांना कोणी दिली नव्हती आणि ते योग्यच होते. छपराचे काम हे पडण्याचे काम आहे. शिडी चार फूट उंच तर पाया एक फूट दूर, शिडीचे टोक वळचणीच्या तीन फूट वर, आणि उतरणीवर दोर बांधल्याशिवाय पाऊल नाही, एवढे पाळणाराच तिथे जावा. गृहस्थाने जमिनीवरून दुर्बिणीने आणि माळ्यावरून विजेरीने पाहावे. निदानाचे बहुतेक काम या दोन जागांवरून होते. भिजलेला कापूस, गालिचा, कपाटातले कपडे मात्र एक-दोन दिवसांच्या आत वाळवावेत, नाहीतर बुरशी धरते आणि मग प्रश्न छपराचा न राहता श्वासाचा होतो.

सगळ्या कामाला ९०० डॉलरच्या आत खर्च आला. पहिल्या अंदाजाचा विसावा हिस्साही नाही. मुलाला दुसऱ्या ठेकेदाराचा राग आला होता. अण्णांनी त्याला आवरले. “तो लबाड होता असे म्हणू नको. शिंगलांचे दाणे झडले आहेत, हे त्याने खरेच दाखवले. छपरे घालणाऱ्याला छप्पर दिसते. त्याने माळ्यावर डोके घातले नाही, एवढेच.”

मग, निर्णय झाल्यावर, अण्णांनी पहिल्यांदा स्वतःचे मत सांगितले, आणि ते गुदामाच्या बाजूचे नव्हते. छप्पर १४ वर्षांचे आहे, उतारवयाला लागले आहे. आज बदलायचे नाही याचा अर्थ कधीच बदलायचे नाही असा होत नाही. पेढीवर यंत्राचा घसारा दरवर्षी लिहितात तसा छपराचाही लिहावा. दहा वर्षांनी लागणारी रक्कम दरमहा थोडी थोडी बाजूला पडत राहिली, तर पुढच्या वेळी घाबरून निर्णय घ्यावा लागणार नाही आणि भावाच्या हिश्शाला हात लावायची वेळ येणार नाही. शिंगल जागोजाग उचललेले दिसू लागले, पन्हळीत खडीचे दाणे ओंजळभर सापडू लागले, पाख्यावर डांबर उघडे पडले की समजावे, आता दुरुस्तीत पैसे घालू नयेत. तोवर वर्षातून दोनदा, हिवाळ्यापूर्वी आणि हिवाळ्यानंतर, माळ्यावर एक फेरी आणि वहीत एक नोंद. त्यांनी या फेरीला नाव दिले, ‘इकडची शाकारणी’.

अण्णा सांगलीला परतल्यावर पेढीवर येणारे-जाणारे विचारत, अमेरिकेत काय काय पाहिले? नायगारा पाहिला का, न्यूयॉर्क पाहिले का? ते दोन्ही त्यांनी पाहिले होते. पण ते सांगत माळ्याची गोष्ट, खिळ्यांवर गोठलेल्या दहिवराची. ऐकणाऱ्याला प्रथम मौज वाटे आणि मग तो हळूच विचारी, “अण्णा, आमच्याही गुदामात पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे. गवंडी म्हणतो, फरशी उखडून टाका.”

अण्णा गल्ल्यातून एक कोरी वही काढत आणि त्याच्यापुढे सरकवत. “आधी एक पावसाळा हिच्यात लिहा. गवंडी कुठे पळून जात नाही.”